चूक कोणाच्या खात्यात?

लॅपटॉपवर ब्राउझरचा कन्सोल उघडा, ०.१ + ०.२ असं लिहा आणि एंटर मारा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर हे करून बघू नका, तो ही भानगड तुम्हाला दिसू देणार नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सरांनी हे दाखवलं की वर्गात खसखस पिकते. सेकंदाला अब्जावधी गणितं करणाऱ्या यंत्राला शाळेतली बेरीज जमत नाही!

कारण साधं आहे. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला बसलं तर ०.३३३३… असं ते संपतच नाही. कुठेतरी थांबावं लागतं, आणि थांबलं की थोडंसं सांडतं. बायनरीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिताना, हीच अडचण एक दशांशाची होते. ०.१ हा आकडा बायनरीत कधीच पुरा लिहून होत नाही. चौसष्ट बिटांची जागा संपली की जवळचा आकडा धरायचा आणि पुढे जायचं. म्हणजे यंत्र चुकलेलं नसतं. त्याने बायनरीत मोजावं आणि जागा संपली की जवळपास भागवावं, हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. सांडलेलं कुठे जातं, हे मात्र ठरवताना फारसं कुणी विचारत नाही.

‘कुठला प्रोसेसर घ्यायचा’ हा प्रश्न आमच्या धंद्यात दर काही महिन्यांनी येतो. हल्ली यंत्र विकत घ्यायचं नसतं, क्लाउडवर भाड्याने घ्यायचं असतं, त्यामुळे तो आणखीच किरकोळ वाटतो. ड्रॉपडाउनमधून एक नाव निवडायचं, झालं. कुणीतरी एक्सेलमध्ये तक्ता करतं: तासाचं भाडं, कोअर किती, मेमरी किती, सोबत जीपीयू हवा की नको. मग सगळ्यात परवडणाऱ्या ओळीला पिवळा रंग. मला त्या तक्त्यात नसलेल्या एका रकान्याबद्दल बोलायचं आहे. हिशेबाला कुठलं यंत्र आणि विज्ञानाला कुठलं, हा भेद मुळात कुठल्या प्रकारची चूक आपण चालवून घेणार आणि ती कोणाला भोगावी लागणार याचा आहे, असं मला दिवसेंदिवस जास्त वाटायला लागलंय. वेग आणि किंमत त्यानंतर येतात.

सुरुवातीच्या काळात हा भेद लपलेलाही नव्हता. १९५०च्या दशकात आयबीएम दोन वेगळ्या घराण्यांची यंत्रं बनवत होती. ७०१ आणि ७०४ ही शास्त्रज्ञांची: बायनरीत मोजणारी, आणि ७०४मध्ये तर ‘फ्लोटिंग पॉइंट’ अंकगणित हार्डवेअरमध्येच दिलेलं. ७०२ आणि ७०५ ही हिशेब ठेवणाऱ्यांची: दशमानात मोजणारी, एकेक अंक वेगळा हाताळणारी, लांबलचक आकडासुद्धा शेवटच्या अंकापर्यंत सांभाळणारी. फ्लोटिंग पॉइंट म्हणजे आकड्याचे पुढचे काही अंक ठेवायचे, बाकीच्यांवर पाणी सोडायचं आणि दशांशचिन्ह कुठे पडतं ते वेगळं लिहून ठेवायचं. त्यामुळे सूर्याचं वस्तुमान आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान एकाच मापाच्या पेटीत मावतं. हिशेबनिसाला असल्या पेटीचा काय उपयोग? त्याला शेवटचे दोन अंक हवे असतात, आणि जागा कमी पडली की ही पेटी नेमके तेच टाकून देते.

मुंबईत ही दोन्ही घराणी तीन वर्षांच्या अंतराने आली. १९६१मध्ये एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ आलं, निव्वळ हिशेबाचं यंत्र. १९६४मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० आलं, अठ्ठेचाळीस बिटांचे शब्द बायनरीत मोजणारं, शास्त्रज्ञांचं. (माझी ही वाटणी फार नीटनेटकी वाटत असेल तर एक अपवाद सांगतो. १९६३मध्ये आयआयटी कानपूरला आलेलं आयबीएम १६२० विज्ञानासाठी होतं, तरी दशमानात मोजायचं. शिवाय त्यात बेरीज करणारं सर्किटच नव्हतं. मेमरीत ठेवलेला तक्ता बघून ते बेरीज करायचं. त्याच्या ‘कॅडेट’ या कोडनेमचा अर्थ लोकांनी ‘याला बेरीज येत नाही, हा प्रयत्नही करत नाही’ असा लावला होता.)

मग ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केलं. नावातले ३६० म्हणजे वर्तुळाचे अंश. हिशेब असो की विज्ञान, सगळ्या दिशांना पुरेल असं एकच यंत्र. आत मात्र वाटण्या कायम राहिल्या. ‘कमर्शिअल’ सूचनासंच घेतला तर दशमान अंकगणित मिळायचं, ‘सायंटिफिक’ घेतला तर फ्लोटिंग पॉइंट, आणि दोन्ही हवी असतील तर ‘युनिव्हर्सल’. घर एक, चुली दोन.

दोन चुली का लागतात हे मला पुस्तकातून कळलं नाही, आत्यामुळे कळलं. ती सहकारी बँकेत कॅशिअर होती. दिवसाची कॅश टॅली झाली नाही की ती रात्री उशिरा घरी यायची. रक्कम कमी भरली तर तिच्या पगारातून जाणार, मग ते दहा रुपये का असेनात. ‘दहा रुपयांसाठी कशाला थांबतेस गं आत्या, भरून टाकायचे ना’ असं आम्ही मुलं म्हणायचो. तिचं उत्तर ठरलेलं. ‘दहा रुपये कमी नाहीयेत रे. कुठली तरी एक पावती खोटी झालीये. कुणाची ते कळायला नको?’

संत एकनाथांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून नाथ रात्रभर चोपड्या घेऊन बसले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर किती होईल, असं गुरू म्हणाले, अशी ती आख्यायिका. सांगणारे अर्थातच गोष्टीच्या दुसऱ्या अर्ध्यावर भर देतात. मला पहिलं अर्धंही तितकंच मोठं वाटतं. ‘एका पैने काय बिघडतं’ असं गुरू म्हणत नाहीत.

इथे एक तात्त्विक गोष्ट आहे, आणि ती कळली की दोन यंत्रांमधला फरक आपोआप कळतो. तापमान हे थर्मामीटर नसतानाही असतं. आपण ते मोजतो, मोजण्यात थोडं चुकतो, पण आपल्या चुकीने बाहेरची हवा बदलत नाही. सत्य बाहेर असतं आणि आपला आकडा त्याच्या आसपास घिरट्या घालतो. बँकेतल्या शिलकेचं तसं नाही. तुमच्या खात्यातले ४,३१२ रुपये ५० पैसे कुठल्या तिजोरीत वेगळे ठेवलेले नाहीत. ती नोंद हेच ते पैसे. नोंद बदलली की पैसे बदलले. म्हणून विज्ञानातली छोटी चूक म्हणजे सत्यापासूनचं छोटं अंतर, आणि हिशेबातली छोटी चूक म्हणजे कुणाच्या तरी बाबतीत घडलेलं छोटं पण पुरतं असत्य.

आणि ती छोटी राहीलच असं नाही. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२मध्ये नवा निर्देशांक सुरू केला, १००० पासून. प्रत्येक व्यवहारानंतर निर्देशांक नव्याने काढला जायचा आणि तीन दशांश स्थळांनंतरचं सरळ कापलं जायचं. जवळच्या आकड्याला नेलं जात नव्हतं, नुसतं कापलं जायचं. दिवसाला जवळपास तीन हजार वेळा. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, इथे थेंबाथेंबाने तळं आटलं. नोव्हेंबर १९८३मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता, दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. बाजार वर गेला होता आणि आकडा सांगत होता की अर्धा बुडाला. ही चूक प्रोसेसरची नव्हती, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनातल्या ‘एवढ्याने काय होतंय’ची होती.

आता दुसऱ्या चुलीची बाजू. हिशेबाचं यंत्र प्रामाणिक आणि विज्ञानाचं यंत्र बेफिकीर, असा निष्कर्ष कुणी काढेल तर तो साफ चुकीचा ठरेल. १९६१मध्ये एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ एका छोट्या संगणकावर बारा समीकरणांचं हवामान चालवत होते. एकदा त्यांनी मध्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि छापील कागदावरून ०.५०६ हा आकडा टाकला. यंत्राच्या मेमरीत तो ०.५०६१२७ होता. थोड्या वेळाने दोन्ही हवामानं एकमेकांना ओळखही देईनाशी झाली. यातून ‘आणखी अंक ठेवा’ एवढाच धडा निघाला असता, तर केओस नावाचं शास्त्र उभं राहिलं नसतं. लॉरेन्झना जे दिसलं ते वेगळं होतं. वाऱ्याचा वेग चौथ्या दशांशापर्यंत मुळात मोजतंच कोण? अंक कितीही वाढवले तरी ठरावीक काळापलीकडचा अंदाज हाती येणार नाही. मग एकच अंदाज खूप अचूकपणे काढण्यापेक्षा, सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून पन्नास अंदाज काढावेत आणि ते कितपत पांगतात ते बघावं. आजची हवामानशास्त्राची पद्धत हीच आहे.

युरोपातल्या मध्यम मुदतीच्या हवामान अंदाज केंद्राने २०२१मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी आपल्या या अंदाज-समूहाचं गणित चौसष्ट बिटांवरून बत्तीस बिटांवर आणलं. प्रत्येक बेरीज पूर्वीपेक्षा कमी अचूक. वाचलेला वेळ त्यांनी वातावरणाचे थर वाढवण्यात घातला, ९१चे १३७ केले. आकडे ढोबळ झाले आणि आकाशाचं चित्र बारीक झालं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक आला, ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी फ्लोटिंग पॉइंट गणितं. त्यातलं प्रत्येक गणित शेवटच्या अंकाला किंचित खोटं असू शकतं, आणि पावसाच्या अंदाजाला त्याने काही उणेपणा येत नाही. जिथे मोजमापच दोन अंकांचं आहे तिथे सोळा अंकांचं उत्तर मिरवणं हाही एक खोटेपणाच.

ही उदारता कुठवर न्यायची याला मात्र हद्द आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान इथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने येणाऱ्या स्कडला ओळखलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. यंत्रणा वेळ दशांश सेकंदात मोजायची, आणि एक दशांश म्हणजे तोच, बायनरीत न संपणारा. चोवीस बिटांवर कापलेला. शंभर तास सलग चालल्यावर घड्याळ एक तृतीयांश सेकंदाने चुकलं होतं, आणि तेवढ्यात स्कड अर्धा किलोमीटर पुढे जातं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते १९९४चं पेंटियम प्रकरण. त्यात कुणी मेलं नाही. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. त्यांना भागाकारात चूक दिसली. महिनोन्‌महिने एकेक शक्यता बाजूला काढत ते प्रोसेसरपर्यंत पोचले. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता कोरला होता त्यातल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. इंटेलला ही चूक स्वतःच्या चाचण्यांत आधीच सापडली होती. चिपच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं ठरलं होतं. गाजावाजा झाल्यावर कंपनीने सांगितलं की स्प्रेडशीट वापरणाऱ्या सर्वसाधारण माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. ज्यांना अचूक गणिताची खरोखर गरज आहे असं पटवून देता येईल, त्यांनाच चिप बदलून मिळेल.

गरज आहे हे पटवून द्या! मला हे वाक्य वाचताना सरकारी खिडकी दिसते. आयबीएमने आपला हिशेब मांडला, त्यात २७,००० वर्षांचे २४ दिवस झाले, आणि १२ डिसेंबरला त्यांनी पेंटियमचे संगणक पाठवणं थांबवलं. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.

आमच्या क्षेत्रात ही गोष्ट ‘लोक आकडेवारी न समजता घाबरले’ अशी सांगितली जाते. ज्यांनी आयुष्यात पाचव्या दशांशापर्यंत भागाकार केला नाही ते चिप बदलून मागत होते, असं हसत सांगतात. मला वाटतं लोक बरोबर होते. चुकीची शक्यता किती, यावर त्यांचा वाद नव्हताच. आपल्याला किती खरं उत्तर पुरेल हे दुसऱ्याने परस्पर ठरवावं, आणि ठरवल्याचं सांगूही नये, हे त्यांना मान्य नव्हतं. ‘सर्वसाधारण माणूस’ नावाचा माणूस कुठे राहत नाही. नाइसली सर्वसाधारण नव्हते, कारण ते जुळ्या मूळ संख्या मोजत होते. दुसरा कुणी सर्वसाधारण नसेल कारण तो पूल बांधत असेल. इंटेलने कोट्यवधी लोकांची सरासरी काढली आणि ती प्रत्येकाला वैयक्तिक उत्तर म्हणून दिली.

आज आपण नेमके याच ठिकाणी पुन्हा उभे आहोत, फक्त प्रमाण प्रचंड वाढलंय. गेमिंगसाठी मिळणारी जीपीयू कार्डं घ्या. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांचा चौसष्ट बिटांच्या गणिताचा वेग बत्तीस बिटांच्या वेगाच्या चौसष्टाव्या भागाइतका ठेवलेला आहे. महागड्या एच१०० मध्ये तो अर्धा असतो. म्हणजे अचूकता ही वेगळी किंमत लावलेली वस्तू झाली. याला माझी फारशी हरकत नाही; गेममधल्या गवताच्या पात्याला सोळा अंक लागत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी याहून खाली जावं लागतं. तिथे बीफ्लोट१६ नावाचा सोळा बिटांचा प्रकार सर्रास वापरतात. त्यात आकड्याची झेप प्रचंड असते, पण नेमकेपणा जेमतेम दोन-तीन अंकांचा. २५६ त्यात लिहिता येतात, २५८ लिहिता येतात. २५७ हा आकडाच त्यात नाही. वाण्याच्या दुकानात २५७ रुपयांचं बिल झालं तर हे यंत्र ते लिहूही शकणार नाही. आणि तरीही अशा आकड्यांवर उभी राहिलेली मॉडेलं भाषांतर करतात, एक्स-रे बघतात. कारण तिथे एका आकड्यावर काही अवलंबून नसतं. कोट्यवधी आकडे मिळून एक कल ठरवतात, आणि चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेदून जातात. शितावरून भाताची परीक्षा करायला हे उत्तम आहे.

प्रश्न सुरू होतो तो एकेका शिताची परीक्षा या यंत्राकडे दिल्यावर. एप्रिल २०२२मध्ये आयबीएमने झेड१६ हा मेनफ्रेम आणला. मोठ्या बँकांचे व्यवहार ज्यावर चालतात त्या घराण्यातलं हे यंत्र. त्याच्या टेलम चिपवर दशमान अंकगणित हार्डवेअरमध्ये आहे, १९५०च्या दशकातली ती हिशेबाची चूल अजून पेटती आहे. त्याच चिपवर एक एआय विभागही आहे, सोळा बिटांत मोजणारा. व्यवहार चालू असतानाच, त्या क्षणी, तो खोटा आहे का हे तपासायला. घर एक, चुली दोन, पण आता दोन्हींवर एकाच माणसाचं शिजतं. एक विभाग तुमची रक्कम पैशापर्यंत बरोबर ठेवतो. दुसरा ठरवतो की तुम्ही चोर आहात का, आणि तो ते ठरवतो हवामानाच्या पद्धतीने.

माझं सध्याचं काम याच प्रकारचं आहे. छोटी कर्जं देणारं ॲप आहे, नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी पुष्कळ आहेत. आमची खातेवही सोवळ्यातली. तिथे रक्कम आम्ही रुपयांत ठेवतच नाही, पैशांत आणि पूर्णांकात ठेवतो. २५७ रुपये म्हणजे २५७००. हप्त्याचं व्याज गोल कसं करायचं यावर दोन दोन तास मीटिंगा होतात. आणि कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय मात्र जीपीयूवर चालणाऱ्या मॉडेलचा. त्याची अचूकता आम्ही टक्क्यांत सांगतो. समजा शंभरात तीन निर्णय चुकतात. खातेवहीत शंभरात तीन नोंदी चुकल्या असत्या तर आम्ही सगळे घरी बसलो असतो.

त्यात आणखी एक बारकी गंमत आहे. फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो. जीपीयूवर हजारो तुकडे समांतर चालतात आणि कुठला आधी पोचेल ते दर वेळी सारखं असेलच असं नाही. त्यामुळे एकच अर्ज दोनदा दिला तर गुण अगदी किंचित वेगळे येऊ शकतात. बहुतेकांना याने काही फरक पडत नाही. जो नेमका उंबरठ्यावर उभा आहे, त्याला पडतो. त्याचं कर्ज त्याच्या पगारामुळे नाही, बेरजेच्या क्रमामुळे नाकारलं जाऊ शकतं, आणि हे त्याला कधीच कळणार नाही. आम्हालाही कळणार नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला ही सगळी चर्चा पोकळ वाटते. ‘अरे, पूर्वीचा बँक मॅनेजर काय दशमानात विचार करायचा का? आडनाव बघून, कपडे बघून, कोणाच्या ओळखीने आलाय ते बघून कर्ज द्यायचा. त्याची अचूकता कुणी मोजली होती?’ त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. मॅनेजरची चूक मॉडेलपेक्षा मोठी असेल, बहुधा होतीच. पण मॅनेजरला खुर्ची होती आणि समोर दुसरी खुर्ची होती. तिथे बसून माणूस म्हणू शकायचा, साहेब, हा कागद बघा. साहेब बघायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी. निदान कोणी बघितलं नाही हे त्याला माहीत असायचं. २०२३च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्याने स्वतःबद्दलची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क दिला आहे. माहिती बरोबर असून निर्णयच चुकला तर ‘का’ असं विचारण्याचा हक्क त्या कायद्यात नाही.

मग सगळंच दशमान आणि पैशापर्यंत अचूक करावं का? त्यानेही न्याय होत नाही. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या होरायझन प्रणालीत १९९९पासून शाखाचालकांच्या हिशेबात तूट दिसायची. प्रोग्रॅममधल्या दोषांनी निर्माण झालेली ही खोटी तूट पडद्यावर मात्र अगदी नेमकी दिसायची, आणि संगणक बरोबरच असतो असं न्यायालयाने गृहीत धरायचं असा तिथला कायदा. नऊशेहून जास्त जणांना दोषी ठरवलं गेलं, काही तुरुंगात गेले. आकडा ढोबळ दिसला असता तर कदाचित कुणी शंका तरी घेतली असती. नेमकेपणाची एक जरब असते.

म्हणून मला यंत्र दशमान की बायनरी, सोळा बिट की चौसष्ट, यात नैतिक उच्चनीच दिसत नाही. फरक पडतो तो चुकीचा माग काढता येतो की नाही याने. आत्याच्या दहा रुपयांचा माग काढता यायचा. पावत्यांचा गठ्ठा होता, प्रत्येकीवर नाव होतं. पावसाच्या अंदाजातल्या चुकीचा माग काढायची गरज नसते, कारण ढगाची तक्रार नसते, आणि अंदाज सांगणारा ‘सत्तर टक्के शक्यता’ असं तोंडाने कबूल करतो. कर्ज नाकारलेल्या माणसाला यातलं एकही मिळत नाही. त्याला पावतीही नाही आणि टक्केही नाहीत. त्याला फक्त ‘क्षमस्व, सध्या आपण पात्र नाही’ असा मेसेज मिळतो. हवामानासारखं काढलेलं उत्तर खातेवहीच्या आवाजात सांगितलं जातं.

गेल्या आठवड्यात नव्या मॉडेलसाठी यंत्रं निवडायची होती. तोच तक्ता: भाडं, कोअर, मेमरी. मी त्यात एक रकाना वाढवला: ‘उंबरठ्यावरच्या अर्जांचं काय?’ खाली लिहिलं की कट-ऑफच्या अगदी जवळचे अर्ज वेगळे काढावेत, चौसष्ट बिटांवर आणि ठरलेल्या क्रमाने पुन्हा मोजावेत, आणि तरीही नकार आला तर माणसाने बघावेत आणि अर्जदाराला कारण कळवावं. खर्च किती वाढेल तेही लिहिलं. यंत्रांचा फार नाही, माणसांचा वाढतो. दुसऱ्या दिवशी त्या रकान्यावर कुणीतरी कॉमेंट टाकली होती, ‘आउट ऑफ स्कोप?’ शेवटी प्रश्नचिन्ह होतं, म्हणून मी ती रिझॉल्व्ह केलेली नाही. गुरुवारी मीटिंग आहे.